वळायची जागा

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर गणपती आहे. तसा तो सगळ्यांच्याच गाडीत असतो. आमच्या गणपतीच्या पायाशी मात्र पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आहे आणि त्यावर माझ्या नवऱ्याच्या ड्रॉइंगच्या तासाला घोटलेल्या अक्षरात लिहिलंय : ‘10 फूट 9 इंच’. पहिल्यांदा आमच्या गाडीत बसणारा माणूस पट्टीकडे बघतो, मग गणपतीकडे बघतो, आणि हे माप कुणाचं हे विचारायला धजत नाही.

माप मागच्या ट्रेलरचं आहे. छपरावरच्या एसीसकट.

अमेरिकेत ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात ते म्हणजे पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्याला अडकवून ओढायचं घर. आमचं चोवीस फुटी आहे. आत पलंग, शेगडी, फ्रिज, आणि एकदा आत शिरलं की साबण पडला तर बाहेर येऊनच उचलावा लागेल एवढी न्हाणी. मुलं कॉलेजला गेली आणि सॅक्रमेंटोजवळच्या आमच्या घरापुढे आम्ही हे दुसरं घर आणून उभं केलं, तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी विचारलं, “भाड्यानं देणार का?” बाकीच्यांनी ‘विंचवाचं बिऱ्हाड’ म्हणून कौतुक केलं. ही उपमा इतक्या जणांनी दिली की मी आता विंचवाची बाजू घेते. त्याला पुलाखालून जाताना पाटी वाचावी लागत नाही आणि रात्रीच्या मुक्कामाची जागा सहा महिने आधी धरून ठेवावी लागत नाही.

घर ओढायला ताकदीची गाडी लागते हे सगळे सांगतात. ते कुठून ओढायचं हे कशावरून ठरवायचं, यावर कुणी बोलत नाही. आम्हीही विचारलं नाही. फोनमध्ये नकाशा होता. आजवर त्याच्या भरवशावर लग्नाला, बारशाला, विमानतळावर सगळीकडे वेळेत पोचलो होतो. पहिल्या सहलीला त्यानं सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी अचानक सांगितलं की पुढच्या वळणावर उजवीकडे घ्या, बावीस मिनिटं वाचतील. बावीस मिनिटं वाचणार म्हटल्यावर जो वळणार नाही तो मराठी माणूस नव्हे. आम्ही वळलो. रस्ता आधी अरुंद झाला, मग खडीचा झाला, मग त्यावर एक फाटक आलं आणि फाटकाला कुलूप होतं.

नकाशाची चूक नव्हती. आम्ही मोटारीत आहोत असं त्याला वाटत होतं. मोटार तिथून तीन झटक्यांत वळली असती. आमच्यामागे मात्र चोवीस फूट होते.

ट्रेलर मागे घेताना चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हे सूत्र कळायला सोपं आहे. मी मागे उभी राहून “उजवीकडे!” म्हणून ओरडत होते; ते माझं उजवं की त्याचं, गाडीचं की ट्रेलरचं, यावर आमचं एकमत व्हायला चाळीस मिनिटं गेली. पाव मैल मागे यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर मुक्कामापर्यंत आम्ही फक्त “पाणी?” “नको” एवढंच बोललो.

त्या हिवाळ्यात नवऱ्यानं अभ्यासाला सुरुवात केली. म्हणजे रात्री जेवण झाल्यावर तो एका पुलाचे व्हिडिओ बघायचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात एक रेल्वेचा पूल आहे. त्याखालची उंची 11 फूट 8 इंच. पाट्या होत्या, लुकलुकते दिवे होते, तरी भाड्याचे ट्रक येऊन छप्पर सोलून घ्यायचे. गावात त्याला ‘कॅन ओपनर’च म्हणतात. शेजारच्या एका कचेरीतल्या माणसानं 2008 पासून तिथे कॅमेरा लावून ठेवला आहे. 2019 मध्ये रेल्वेनं पूल आठ इंच उचलला, 12 फूट 4 इंच केला. त्यानंतरही ट्रक धडकतातच. नवरा हे सगळं डोळे विस्फारून बघायचा, आणि एके सकाळी शिडी घेऊन ट्रेलरच्या छपरावर चढला. खाली आला तो आकडा घेऊनच. चिकटपट्टी त्या दिवसाची.

मग नवी ॲपं आली. खास घर ओढणाऱ्यांसाठी केलेल्या या नकाशांना आधी आपली माहिती भरून द्यावी लागते. उंची किती, वजन किती, लांबी-रुंदी किती, गॅसची नळकांडी बाळगता का? मी वाचून दाखवत होते आणि तो उत्तरं देत होता, आणि मला राहून राहून वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म आठवत होता. गोत्र तेवढं विचारलं नाही. पण प्रश्न उगाच नसतात. ट्रेलरच्या नाकाशी स्वयंपाकाच्या गॅसच्या दोन टाक्या असतात, आणि बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यातून असा गॅस न्यायला बंदी आहे. न्यूयॉर्ककडच्या जुन्या पार्कवे रस्त्यांवर पूल इतके ठेंगणे आहेत की त्या वाटेला जायचंच नाही. हे साध्या नकाशाला ठाऊक असलं तरी तो बोलत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलं नसतं.

वजनाच्या रकान्यापाशी गाडी अडली. “साडेपाच हजार पौंड लिही,” तो म्हणाला. “कशावरून?” “कंपनीनं लिहिलंय.” कंपनीनं रिकाम्या घराचं लिहिलं होतं. घर रिकामं असतं कधी?

म्हणून आम्ही हायवेवरच्या एका ट्रक-थांब्यावर वजनकाट्यावर गेलो. अजस्र अठराचाकी मालट्रकांच्या रांगेत आमचं बिऱ्हाड. काट्याला वेगवेगळे पाट असतात; पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. एकदा ट्रेलर लावून वजन करायचं, एकदा सोडून. दोन्ही पावत्यांची वजाबाकी केली की ट्रेलर पिकअपच्या गोळ्यावर किती रेलतोय ते कळतं. हा रेटा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ती शेपूट एकदा हलायला लागली की कुत्रा कोण आणि शेपूट कोण हे सांगता येत नाही.

आमचा ट्रेलर भरला 6,100 पौंड, म्हणजे पावणेतीन हजार किलो. गोळ्यावरचा रेटा 520. नवऱ्यानं पावतीच्या पाठीवर भागाकार केला. साडेआठ टक्के. मग तो हळूच माझ्याकडे वळला.

आमच्या ट्रेलरचं स्वयंपाकघर पार मागे आहे. ओट्याखालच्या कपाटात दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक, तूरडाळ, मूगडाळ, दोन कुकर, दाण्याच्या कुटाचा डबा आणि माझ्या आईचा लोखंडी खलबत्ता. नवऱ्यानं खलबत्ता दोन्ही हातांनी उचलला, जरा वेळ धरून ठेवला, आणि म्हणाला, “मिक्सर आहे ना आपल्याकडे?”

“मिक्सरमध्ये लसणाची चटणी होत नाही. भरड होते.”

यावर विज्ञानाकडे उत्तर नव्हतं. ते सगळं वाणसामान आम्ही त्या डांबरी मैदानावर एकेक करून मागून पुढे नेलं, पलंगाखालच्या खणात. साधारण पस्तीस किलो. एक मालट्रकवाला कॉफी पीत आमच्याकडे बघत होता. परत काट्यावर चढलो तर 620. दहा टक्क्यांच्या जरा वर. मागे ओझं कमी झालं आणि पुढे वाढलं, दोन्ही बाजूंनी फायदा, तरफेचा नियम. शाळेत मला तो कधीच कळला नव्हता. डाळ-तांदळाच्या भाषेत शिकवला असता तर कळला असता. तेव्हापासून दर वेळी निघताना फोडणीला मोहरी हवी असली तरी मला पलंग उचलावा लागतो.

नवऱ्याची एक्सेल फाइल हा वेगळाच विषय आहे, आणि त्यावर फार बोललं तर घरात कुरबुर होते. थोडक्यात सांगते. तिला नऊ स्तंभ आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी 55 मैलांच्या वर जायला बंदी आहे आणि नकाशा वेळ सांगतो ती मोटारीची, म्हणून प्रत्येक वेळ सव्वापट होते. पेट्रोल निम्मं पुरतं, म्हणून गॅलनमागे दहा मैल. सातव्या स्तंभात ‘चहा’ आहे, पंधरा मिनिटं. तो कधीच पुरत नाही. पण नेवाडातल्या हायवे 50 वर मी या फाइलला मनातल्या मनात हात जोडले हे कबूल करते. 1986 मध्ये ‘लाइफ’ मासिकानं या रस्त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं, तेव्हापासून नेवाडानं ते बिरुदच करून टाकलंय. फॅलन सोडलं की ऑस्टिन शंभरावर मैल लांब. मग सत्तर मैलांवर युरेका, मग आणखी सत्तर-पंचाहत्तरवर ईली. मधे डोंगर, सपाटी, परत डोंगर, परत सपाटी. आपण पुढे जातोय की कुणी तीच फिल्म परत लावतंय, असं वाटावं. फोनला रेंज नाही. नवी ॲपं, जुनी ॲपं, बोलणारी बाई, सगळी गप्प. तिथे फक्त दोनच गोष्टी चालू होत्या : नवऱ्याची छापून आणलेली एक्सेल आणि माझा ॲटलस.

ॲटलस ही माझी बाजू. रँड मॅकनॅलीचा, मोठ्या आकाराचा, मांडीवर उघडला की गिअर झाकला जातो. 1924 पासून निघतो. फोनचा नकाशा नाकापुढचं दाखवतो, आणि तेही आपलंच नाक मधोमध ठेवून. ॲटलसमध्ये आपण कुठेच नसतो. नुसता मुलूख असतो, कुठून कुठे नदी गेलीय, कुठली डोंगररांग आडवी पडलीय. इंटरस्टेट रस्त्यांचे सम आकडे पूर्व-पश्चिम आणि विषम उत्तर-दक्षिण, हे मला वीस वर्षं इथे गाडी चालवून कळलं नव्हतं, ते ॲटलस मांडीवर घेतल्यावर एका दुपारी कळलं. नवरा म्हणतो, यात पुलांची उंची नाही, चढ किती टक्के ते नाही. नाही तर नाही. पंचांगात पावसाचं नक्षत्र असतं, म्हणून कुणी त्यात छत्री शोधतं का?

मुक्कामाच्या जागेचं प्रकरण भारतातून आलेल्यांना पटकन समजतं. केंद्र सरकारच्या कॅम्पग्राउंडांचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं. बरीचशी सहा महिने आधी, रोज सकाळी पूर्व किनाऱ्याच्या दहाला उघडतात. आमच्याकडे सात. दहाला तत्काळ उघडतं तेव्हा आयआरसीटीसीपुढे बसलेल्या माणसाचा चेहरा आठवा. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा. आम्ही दोन लॅपटॉप घेऊन, चहा न पिता, 6.59 ला श्वास रोखून बसतो. माझी आत्या डोंबिवलीहून फोनवर म्हणाली, “म्हणजे तिकडेही तेच? मग गेलात कशाला?”

खासगी जागा निवडायच्या तर आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचायचे. याची वेगळी ॲपं आहेत आणि मी ती कादंबरीसारखी वाचते. ‘रात्रभर मालगाड्यांचा खडखडाट, डोळ्याला डोळा नाही,’ असं एकानं लिहिलं होतं आणि एकच तारा दिला होता. नवऱ्याचं बालपण रुळांशेजारच्या चाळीत गेलं. त्यानं ती जागा ताबडतोब धरली. त्या रात्री अडीचला मालगाडी गेली, मी दचकून उठले, आणि बघते तर हा गाढ झोपलेला, चेहऱ्यावर पाचवीतल्या मुलाचं समाधान. तेव्हापासून मी अभिप्रायातले तारे बघत नाही. लिहिणाऱ्याचा स्वभाव ताडायचा आणि आपला स्वभाव त्याला लावून बघायचा.

एवढी सगळी जुळणी झाल्यावर आम्ही स्वतःला तयारीचे समजायला लागलो होतो. तेवढ्यात शिरोळहून माझा मामा आला.

मामानं चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला. आम्ही त्याला घेऊन किनाऱ्याकडच्या एका कॅम्पग्राउंडला गेलो. तिथे जागा मागे घेऊन लावायची होती. संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर दुसरी करमणूक नसते. नवं कुणी मागे घ्यायला लागलं की आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसतात. नवऱ्याचे दोन प्रयत्न झाले. मी वॉकीटॉकीवर होते. “डावीकडे” या शब्दावर आमच्यात बंदी आहे, आम्ही आता “माझ्या बाजूला” आणि “तुझ्या बाजूला” म्हणतो. त्यानं सुधारणा एवढीच झाली की भांडण हळू आवाजात होतं. तिसऱ्या प्रयत्नाला मामा पुढे झाला.

“पावणं, उतरा बघू जरा.”

नवरा उतरला. मामा चढला, खुर्ची पुढे घेतली, खिडकीतून अर्धा बाहेर आला, आणि ट्रेलर दोन खांबांमध्ये असा नेऊन ठेवला की खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. “तुम्ही चाक बघायलाय,” तो नवऱ्याला म्हणाला. “चाक कशाला बघायचं? मागचा कोपरा बघा की. कोपरा जिकडं जातोय तिकडं समदं जातंय.”

रात्री पिठलं-भात झाल्यावर नवऱ्यानं मोठ्या आदरानं विचारलं, “मामा, दोन ट्रॉल्या मागे घ्यायला काय करता?”

“दोन?” मामा हसला. “दोन ट्रॉल्या मागं जात न्हाईत. मधीच घडी पडती. ती सोडून एकेक घ्यावी लागती.”

“मग अडकलात तर?”

“अडकायचं न्हाई. निघायच्या आधीच ठरलेलं असतंय, हिकडं वळायला जागा हाय का न्हाई. नसंल तर त्या पाणंदीत शिरायचंच न्हाई. ऊस डोक्यावरनं बाहेर आणायचा, पर ट्रॉली आत घालायची न्हाई.”

नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग आत गेला, लॅपटॉप उघडला आणि एक्सेलमध्ये दहावा स्तंभ घातला.

आमच्या सगळ्या साधनांना आम्ही विचारत होतो, जायचं कुठून? उंची बसते का, वजन बसतं का, पेट्रोल पुरतं का. वळायचं कुठे, हे कुठल्याच साधनाला विचारलं नव्हतं, आणि कुलूप लावलेल्या फाटकाच्या दिवशी आम्हाला नेमकं तेवढंच हवं होतं. आता आदल्या रात्री मी उपग्रहाच्या नकाशात प्रत्येक पेट्रोलपंप वरून बघते. शिरायची वाट कुठली, निघायची कुठली, पंप आडवे की उभे, मागे मालट्रकांना जागा आहे का. वरून बघितलं की पेट्रोलपंपाचा स्वभाव कळतो. काही पंप नुसते छपरावरूनच सांगतात, इथे आलात तर बाहेर पडणार नाही. असे आम्ही सोडून देतो, तिथे दहा सेंट स्वस्त असलं तरी. नवऱ्याला ते जड जातं.

ही सवय असूनही झायन नॅशनल पार्कला आमची जरा फजिती झालीच. तिथला बोगदा 1930 चा, मैलाहून थोडा लांब. उंचीची अट 11 फूट 4 इंच, म्हणून आम्ही चिकटपट्टीकडे बघून निर्धास्त होतो. पण रुंदीची अट होती 7 फूट 10 इंच, आणि आमचा ट्रेलर आठ फूट. आम्ही गेलो तेव्हा अशा गाड्यांकडून पंधरा डॉलर घेऊन रेंजर समोरून येणारी वाहतूक थांबवायचे, आणि मग आपण बोगद्याच्या मधोमध, कमानीच्या सगळ्यात उंच भागाखालून जायचं. एवढ्या लोकांना आपल्यासाठी थांबवून ठेवलंय म्हणून मी संकोचून बसले होते. नवरा मात्र वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ. बाहेर पडल्यावर त्यानं चिकटपट्टीवर दुसरी ओळ लिहिली : ‘रुंदी 8’.

भांडणं थांबली का? नाही. पण जरा लवकर वळतात. एक्सेल चुकली की मी त्याला बोलते, ॲटलस चुकला की तो मला बोलतो, आणि ॲप चुकलं की आम्ही दोघं मिळून त्या बाईला बोलतो. ती तिसरी असणं चांगलं. साडेचार तासांच्या प्रवासात दोन माणसांना तिसरं कुणी तरी लागतंच.

आता पुढच्या उन्हाळ्यात माँटानातल्या ग्लेशियर पार्कला जायचं घाटतंय. तिथे गोइंग टू द सन नावाचा रस्ता आहे, 1933 मध्ये समारंभानं खुला झालेला, डोंगराच्या कड्यात कोरून काढलेला. वरच्या घाटात 21 फुटांहून लांब गाडी न्यायला परवानगी नाही. ट्रेलर खालीच कॅम्पग्राउंडवर सोडायचा, एवढं ठरलं. नुसती पिकअप घेऊन वर जायचं. काल रात्री साडेदहाला मला बाहेरून हाक आली. बघते तर नवरा ड्राइव्ह-वेमध्ये डोक्याला बॅटरी बांधून गाडीपाशी गुडघे टेकून बसलेला. कंपनीच्या पुस्तकात गाडी 19 फूट 4 इंच आहे, पण मागे ट्रेलर अडकवायचा लोखंडी दांडा बाहेर येतो, तो पुस्तकात धरलेला नाही.

“टेप धर गं, पुढच्या बंपरला. अगदी टोकाला.”

मी धरली. तो मागे गेला.

“वीस फूट दोन.”

“गोळ्यासकट?”

जरा वेळ मागून काहीच आवाज आला नाही.

“परत धर,” तो म्हणाला.